गुडघ्यांच्या जागा

सकाळी अकरा वाजता रफूगाराच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत शिरले. बाकावर त्यांची बायको बसली होती.

“नमाजाचा जुना गालिचा इथं आणलास?”

“वाढदिवसाला देणार होते तुम्हाला. दोन जागी विरलाय, तेवढा भरून घेतेय.”

“अगं, त्या गुडघ्यांच्या जागा आहेत! शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी रोज तिथं गुडघे टेकायचं. म्हणून तर घेतला मी तो.”

“मला वाटलं, दुकानदारानं फाटका माल तुमच्या गळ्यात मारला.”

“तीस वर्षं असं वाटत होतं?”

“तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही.”

“कमाल आहे बाई तुझी!”

“तुम्ही तरी कधी सांगितलंत? भिंतीवर टांगलात आणि म्हणालात, हात लावू नकोस.”

“...लोकर कुठली दिलीस?”

“तशीच लाल. चार दुकानं पालथी घातली.”

“या पायांनी?”

“मग काय तुमच्या?”

“ऊठ. आधी त्या रफूगाराला थांबवू.”

“मघाशी आतल्या खोलीत सुईत दोरा ओवत होता हो.”

एकमेकांना धरून दोघं आत गेली आणि दार मागे लागलं. साडेअकरापर्यंत ते उघडलं नव्हतं, आणि पहिला टाका पडला होता की नाही ते बाहेर कळलं नव्हतं.