जेवायला कोण कोण बसतं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आज आपण ज्यांना निरोप देतोय त्या आमच्या ताई, त्यांच्या घरची मंडळी, आणि कांदा चिरून चिरून डोळ्यांतलं पाणी आटलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. दिवसभर नोकरी करून दमलेल्या घरांना संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी बाई निवडून देणं, हे आमच्या ताईंचं काम. नवरा-बायको ऑफिसातून धापा टाकत यायचे. म्हणायचे, "कोणीही द्या हो, रात्रीचं जेवण वेळेवर झालं म्हणजे झालं." ताई पदार्थांचं काही विचारायच्याच नाहीत. विचारायच्या, "जेवायला कोण कोण एकत्र बसतं?" त्या उत्तरावरून बाई ठरायची. सगळे फोनमध्ये डोकं घालून जेवणार असतील, तर कमी बोलणारी. एकटे आजोबा असतील, तिथे मी. का, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि त्यांचा एक नियम. अन्न टेबलावर झाकून ठेवायचं आणि घरची माणसं बसायच्या आत निघायचं. "तो त्यांचा वेळ आहे," म्हणायच्या. बरोबरच आहे. पण अध्यक्ष महोदय, उभा जन्म रांधण्यात गेला आणि माझ्या हातचं कोणी खाताना मी पाहिलंच नाही, हे तुम्हाला खरं तरी वाटतं का? चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने मी जिन्यात रेंगाळायचे. आतून चमच्यांचा आवाज आला की जिवाला बरं वाटायचं.

मग बस पकडून घरी. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी लेक. ती तोवर झाकलेलं जेवून, ताट धुऊन अभ्यासाला बसलेली असायची. "जेवलीस का गं?" "जेवले." एवढंच आमचं एकत्र जेवण. पोर समजूतदार, कधी कुरकुर नाही. मला मात्र फार वाटायचं, एकदा तरी ही जेवताना समोर बसावं. ही भात कसा कालवते, काय बाजूला सारते, हेही मला धड माहीत नव्हतं.

आता ती नोकरीला लागली, संसाराला लागली, एका मुलीची आई झाली. मागच्या आठवड्यात ताईंच्या ऑफिसात आली. संध्याकाळी स्वयंपाकाला बाई हवी होती. मी तिथेच होते. म्हटलं, बाई कशाला शोधता, मी आहे ना. हातातलं एक घर सोडते. मला कोण आनंद झाला होता! ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. लेक म्हणाली, "मी, हे, आमची छोटी. आणि आई बसणार असेल तर आई. पण स्वयंपाकाला तिला पाठवू नका. ती झाकण ठेवून निघून जाईल."

"अगं, तुझ्याकडे थांबेन की," मी म्हटलं.

"तुला बसता येतं का गं, आई?"

मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा, आपल्याला येतं का?

ताईंनी तिला दुसरी बाई निवडून दिली. तीही मीठ घालताना हात आखडणारी, पण ते असो. आणि दर गुरुवारी माझ्या घरांवर बदली बाई लावली, मला न विचारता. जाता जाता केलेली ही त्यांची शेवटची निवड. तो पहिला गुरुवार आज आहे, आणि नेमका आजच हा समारंभ. लेकीला म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल. ती म्हणाली, "भाषण कर आणि ये."

ताई, आभार मानायला शब्द नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. माझ्याकडे शब्द पुष्कळ आहेत, वेळ नाही. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला. इथल्या जेवणाला न थांबता निघतेय, त्याबद्दलही रागावू नका. तिकडे ताटं मांडून तिघं थांबलीत. माझ्यासाठी कोणी जेवायला थांबण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि खरं सांगते, मला नीट बसता येईल ना, याची भीती वाटतेय.