कांदा चिरून होईपर्यंत

मी मिठागरवाल्याची पोर. उरणच्या खाडीकडचं आमचं गाव, आता तिथं कंटेनरवर कंटेनर रचलेत, पन माझ्या लहानपनी बापाचं आगर व्हतं नि पाऊस सरला की आमी सगळी त्याच्यात उतरून पायानं चिखल तुडवायचो, तळ घट्ट झाला पायजे ना, न्हायतर मीठ काळं येतं. तुडवताना माझी आत्या गायची. आत्या धवलारीन व्हती, म्हंजे काय सांगू तुमाला, आमच्या आगरी लोकांत धवलारनीच्या गान्याबिगर लग्न लागलं असं कुनी म्हनत न्हाय. तिच्या मागं गात गात मी लग्नाची ती गानी, सगळे धवले, शिकले. तोंड माझं तवापासनं चालूच हाय, बाप म्हनायचा ही पोर झोपेतबी गप बसत न्हाय.

आनि असल्या पोरीला नवरा मिळाला तो मुखदुर्बळ. बंदरात ट्रेलर चालवायचा, अजून चालवतो. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी निवट्यांचं कालवन केलं, मासे खाडीतले, ताजे. इचारलं कसं झालंय, तर म्हनला हं. बरं झालंय का वाईट झालंय? हं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मीठच घातलं न्हाय, बघू म्हनलं आता तरी बोलतो का, तर तेबी ताट पुसून खाल्लं नि हात धुवून उठला. मी चुलीपाशी बसून रडले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.

तीन वर्षांनी लेकरू काखेला मारलं नि माहेर गाठलं. आई म्हनली दारू पितो का, म्हनलं न्हाय. हात उगारतो का, न्हाय. पगार घरात देतो का, देतो. मग अजून काय पायजे गं तुला? म्हनलं, बोलाया पायजे. आई हसायलाच लागली, चार दिवस ठेवून घेतलं नि पाठवली परत. तसलं दुख कुनाला सांगन्यासारखं नसतं हो, ऐकनारा म्हनतो हिचं सुख हिला टोचतंय.

मग वर्षं गेली. आत्या वारली, धवले माझ्याकडं आले. मी भांडी घासता घासता म्हनायची, मासे साफ करता करता म्हनायची, हा आपला भिंतीकडं तोंड करून पडलेला. मला वाटायचं कंटाळलाय. लग्नघरी स्कूटरवर सोडायचा नि परत न जाता मांडवाच्या खांबाला टेकून बसून र्‍हायचा. मला वाटायचं हळदीच्या मटनासाठी थांबतोय.

दोन वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला. त्यातनं उठले, पन गाता गाता शब्द निसटायला लागले. कुनाला सांगितलं न्हाय, सांगनार कुनाला? पनवेलला पोरगा बोलवतच व्हता. मनाशी ठरवलं, गावात एक लग्न घेतलंय तेवढं पार पाडायचं नि पोराकडं कायमचं जायचं. त्या लग्नाच्या दिवशी सकाळी यालाबी सांगून टाकलं, अवो, मी उद्यापासनं पनवेलला, या मुकाटपनात मला म्हातारं व्हायचं न्हाय. तर म्हनला, हं. बघा, एवढ्यावरबी हं.

संध्याकाळी मांडव भरलेला, डीजे बंद केलेला, नवरी पाटावर. धवल्यात आमी एकेका देवाला लग्नाला बोलावतो, धवला मधेच तुटला तर पुढचे देव उपाशी र्‍हातात, मोठा अपशकुन. गावदेवी झाली, वेशीचा म्हसोबा झाला, नि पुढं सगळं कोरं. नवरीची आई माझ्याकडं बघतेय, बाया एकमेकींकडं बघतायत. नि खांबाकडनं फाटक्या आवाजात पुढची ओळ आली, खाडीच्या देवाची.

वळून बघते तर आमचा मानूस! आमच्यात धवले बायांचे, पुरुषानं म्हनायचे म्हंजे हसंच. पोरं हसलीबी, एकानं मोबाईल वर धरला. पन हा थांबला न्हाय, जिथं मी अडले तिथं यानं ओळ दिली, एकबी देव चुकवला न्हाय, खाली मान घालून शेवटपर्यंत. आमच्या लग्नात जेवढा घाम आला नसंल तेवढा आला त्याला. नि मी अशी गायले, अशी गायले बाई, की डीजेवाला मागं सरकला.

घरी येताना स्कूटर थांबवायला लावली. म्हनलं कधी शिकलात? स्कूटरचा आरसा पुसत र्‍हायला. मग म्हनला, तू म्हनत व्हतीस, मी ऐकत व्हतो. मग कधी बोललात का न्हाय मुडद्या? तर म्हनला, मी तोंड उघडीपर्यंत तुझं पुढचं सुरू व्हतं.

खरंच हाय ते. इतकी वर्षं मी इचारलं, पन थांबले कुठं? त्याचं मन व्हतं माझ्यापाशी, फकस्त त्याची चाल बैलगाडीची नि माझी एसटीची. आता मी पनवेलला न्हाय गेले. आता मी इचारते नि कांदा चिरायला घेते, तोंड बंद. कांदा सरेपर्यंत उत्तर येतं, नि काय उत्तर येतं, सबंध दोन-दोन वाक्यांचं! लग्नाला आता दोघांना आमंत्रन असतं, बाया त्याला धवलारीनबाई म्हनून चिडवतात, हा लाजतो, पन खांब सोडून माझ्या बाजूला बसतो.

आनि काल काय झालं सांगू? निवट्यांचं कालवन व्हतं. मी काय इचारलं न्हाय, बघितलंबी न्हाय. पहिला घास घेतला नि आपनहून म्हनला, मीठ कमी हाय गं आज. मी अशी ओरडले की शेजारीन धावत आली, तिला वाटलं काय झालं की काय. म्हनलं बाई, बत्तीस वर्षांनी न इचारता बोलला, बस, तूबी जेव. मिठाचा डबा मीच त्याच्या ताटापाशी नेऊन ठेवला. तुमच्याबी घरात असंच कुनीतरी मीठ कमी हाय म्हनत र्‍हावो, लेकींनो, म्हाताऱ्या होईपर्यंत म्हनत र्‍हावो.