काकांचा कापूस

खुल्या बाजाराचं निघालंच आहे, तर साखरा गावच्या आमच्या काकांचं सांगतो. तेव्हा कापूस सरकारलाच विकावा लागायचा. एका साली खरेदी केंद्र उघडेना आणि पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. काका गाडी भरून व्यापाऱ्याकडं निघाले. वाटेत पोलिसांनी धरलं.

"कापूस माझ्याच वावरातला हाय, साहेब."

"असंल. पन बाहेर इकायचा तुला हक्क न्हाई."

काका रात्रभर ठाण्यात. पाव्हण्यांनी निरोप धाडला, चोराच्या घरची सोयरीक नको. पोरीला शेवटी बिजवराला द्यावं लागलं.

पुढं कायदा बदलला. तोच व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला.

"काका, आता कुनालाबी इका. गुन्हा न्हाई."

काका म्हणाले, "ह्ये जाऊन माझ्या पोरीला सांग."