गाठी रोगाच्या नव्हत्या

मंडळी, पार वाशिंदपासून म्हसा गावापर्यंतची माणसं दामूसाठी आलीत. मला भाषण येत नाय. दामू माझा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल 'होता' म्हणायला जीभ वळत नाय. पण शेतीच्या औषधांच्या दुकानाचे शेठ पुढच्या रांगेत येऊन बसलेत. तेव्हा बोलणारच.

दामू भात करणारा माणूस. यंदा पहिल्यांदाच माळावर सोयाबीन पेरलं. छान उगवलं. एक दिवस रोप उपटलं, तर मुळांना गाठी. घाबरला. रोप घेऊन, शेठ, तुमच्याकडंच आला. मी सोबत होते. तुमी म्हणालात, "सूत्रकृमी आहेत रे. जमिनीतले बारीक किडे. मुळं खातात." पानावरची अळीपण दाखवलीत. आणि दाणेदार औषध दिलंत. सुट्टं, पिशवीत. ते मातीत टाकायचं असतं, फवारायचं नाय. तुमी सांगितलंत, "पाण्यात कालव, अळीच्या औषधात मिसळ आणि फवार. दोन्ही कामं एकदम."

त्यानं फवारलं. मी बांधावरून ओरडले, "दामू, तोंडाला फडकं तरी बांध रे!"

"डोकं गरगरतंय गो ताय. एवढा अर्धा माळ करतो नि थांबतो."

अर्धाच झाला. ओकाऱ्या, तोंडाला फेस. दवाखान्यात डॉक्टर एकच विचारत होते, औषध कोणतं? पिशवीवर नाव नाय. मी तुमाला फोन केला. काय म्हणालात, शेठ? मीच सांगते. "मी त्याला काय दिलंच नाय." आणि फोन बंद केलात.

तिसऱ्या दिवशी दामू गेला.

परवा मी उरलेल्या अर्ध्या माळावरची रोपं उपटून कृषी सहायक मॅडमना दाखवली. त्यांनी नखानं गाठ काढली. सहज सुटली. आतून गुलाबी. म्हणाल्या, "ताई, हा रोग नाही. रोग असता तर मूळच सुजलं असतं. सोयाबीनला या गाठी हव्यातच. त्यांतूनच झाडाला खत मिळतं."

हव्यातच! ऐकताय ना, मंडळी? चांगल्या पिकावर माझ्या भावाला विष मारायला लावलं. आणि मघाशी दारात शेठ मला म्हणाले, "देवाची मर्जी." पिशवी काय देवानं भरली होती?

मी पोलिसांत तक्रार दिलीय. ती मागं घे म्हणून तुमी निरोप धाडलात. उत्तर सगळ्यांसमोर घ्या. तक्रार मागं नाय घेणार.

मंडळी, दामूसाठी दोन मिनिटं उभं राहू या. तुमी नको, शेठ. तुमी आधी बाहेर जा. तोवर आमी थांबतो.