कंपनीची कोंबडी

— नाही नाही, उन्हात नका उभे राहू भाऊ, इकडे निंबाखाली बसा. आणि ती पिशवी छातीशी कशाला धरलीय? कोणी पळवत नाही. तुमच्या कंपनीचं ते कोंबड्यांचं पीठ फुकट दिलं तरी आमच्या कोरीटात कोणी घरी नेणार नाही. माझा हिलाल गेलाय वाण्याकडून वजनाचा काटा आणायला, सून सिंधू आत चहा टाकतेय, तोवर माझंच ऐका. मी तुळशीबाई, हिलालची आई. सिंधूनं तुम्हाला पत्रात कळवलं असेल ना — पैज लावणारी म्हातारी, ती मीच.

तर काय म्हणत होता — शास्त्रीय! शास्त्रीय खाद्य! मुंबईत पंख्याखाली बसून कोणीतरी ठरवलं, कोंबडीनं काय खावं. कोंबडीला विचारलं होतं का? पोतं आगगाडीनं नंदुरबारला उतरतं, तिथून बैलगाडीनं इथं, आणि उघडलं की वास असा, की जणू कोणी ओलं घोंगडं गुंडाळून ठेवलं होतं. मी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं — हसताय काय, ठेवलं! — भुसा, फोलपटं आणि वरून शिंपल्यांची पूड. पोत्यावर मात्र चित्र केवढं! कोंबडा नव्हे, जहागीरदार. आमच्या म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हैस, भाऊ! जी माझ्या लुगड्याचा पदर चघळते, ती.

घरचा दाणा म्हणजे काय ते ऐका. ज्वारीच्या कण्या ताकात भिजवायच्या, त्यात मूठभर शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, वर मेथीची देठं बारीक चिरून. आणि उधई — तुमच्याकडे वाळवी म्हणत असतील. मडक्यात ओलं शेण नि पाचट कोंबायचं, संध्याकाळी वारुळावर पालथं घालायचं. सकाळी उचललं की मडकं आतून नुसतं वळवळतं. पिल्लं अशी तुटून पडतात की पाहत राहावं. आता तुम्ही म्हणाल, गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि म्हातारी किडे गोळा करते? करते. आंघोळीच्या आधी करते. देव काय माझं मडकं तपासायला बसलाय?

ही कोंबड्यांची हौस सुनेची. लढाई लागल्यापासून व्यापारी पलटणीसाठी कोंबड्या नेतात, वजनावर नेतात, तिनं कुठंतरी सरकारी पत्रक वाचलं आणि तुमचं पोतं मागवलं. पुण्याच्या कॉलेजात शिकलीय ना! मी तुमच्याशी जे बोलतेय ना हे शाळेतल्यासारखं, ते तिचंच ऐकून ऐकून. मग एका खेपेची पिल्लं वाटून घेतली — ते डावीकडचं खुराडं तिचं, पोत्याचं. उजवीकडचं माझं, घरच्या दाण्याचं. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले — जीभ काही ताब्यात राहत नाही माझ्या — पोत्याच्या पिठावर कोंबडी वाढली तर मी मिशी ठेवीन! सगळे हसले. हिलाल नाही हसला. म्हणाला, ठीक, सारंगखेड्याच्या जत्रेआधी तोलू. पोतं हरलं तर खुराडं मोडायचं, आणि सिंधूनं थोडे दिवस माहेरी जाऊन यायचं.

थोडे दिवस! माझ्या धाकट्या जावेलाही थोडे दिवसच पाठवलं होतं. तिच्या चुलीपुढं दुसरी येऊन बसली, त्या दुसरीची पोरं आता लग्नाची झाली. मला सांगतो थोडे दिवस.

पाहिलीत ना सिंधूला? तुम्ही सायकलची घंटी वाजवलीत आणि तिच्या हातातला तांब्या पडला. तशीच आहे. मागल्या साली मूल झालं, ते रडलंच नाही — तेव्हापासून कवाड वाजलं तरी दचकते, सावली हलली तरी दचकते. आणि नवऱ्याला वाटतं, बाईत काही राहिलं नाही. पण खुराड्यात जाऊन बघा! अंगावरून पंख फडफडवत उडतात त्या, आणि ही हसते. इंग्रजीत बोलते त्यांच्याशी. मी कुडाआड उभी राहून ऐकते. कळत काही नाही — ऐकते आपली.

आणि तुमचं पीठ! पंधरा दिवस झाले नाहीत तर तिच्या पिल्लांचे पाय वाकले. बसलं पिल्लू की उठेना. ही पत्रक उलटून पाहतेय, सुलटून पाहतेय. अरे, हिरवा पाला घाला म्हणून एक ओळ लिहायला तुमच्या साहेबाची शाई संपली होती का? मग मी काय बघत बसू? ती घालून आत गेली, तिची पाठ वळली, की मी तुमचं पीठ काढायची आणि —

काय? मी कुठं काय म्हटलं? काढायची म्हणजे — हं. निघालं तोंडातून. आता ऐका, आणि ऐकून विसरा. कण्या, ताक, मडकं, सगळं डावीकडं. तुमचं पीठ उकिरड्यात. आणि माझ्या खुराड्यात नुसता कोंडा. हो, माझ्याच. मरू दिली नाहीत, पण वाढूही दिली नाहीत. मडकं ओळखतात हो त्या — जाळीशी धावत येतात, आणि मी त्यांच्या चोचीसमोरून ते पलीकडं नेते. हिलाल विचारतो, आई, तुझ्याच कोंबड्या अशा कशा? मी म्हणते, तू तुन्हं काम देख.

अशी मान काय हलवता? तुमचं काय गेलं? शास्त्र जिंकलं म्हणून छापा खुशाल. कोरीटच्या म्हातारीला मिशी फुटली, तेही छापा. आणि पुढच्या महिन्याला आणखी एक पोतं धाडा. छे, कोंबड्यांना घालतेय होय! पण अंगणात दिसायला नको का? उकिरड्याला काय, काहीही चालतं.

गप — हिलाल आला. अरे, फाटक हळू लाव, हळू! — ये गं सिंधू. दचकू नको, काटाच आहे तो. या भाऊंना तेच सांगत होते मी, धूळ विकता म्हणून, धूळ. काढ तुझी ती डावीकडची, तुऱ्याची. दोन्ही हातांनी धर, जड आहे. — आणि तुम्ही, माझ्या तोंडाकडं काय बघता? काट्याकडं बघा. वाचा आकडा. मोठ्यानं वाचा, मला कमी ऐकू येतं.