डावा डोळा मिटा

दारू नाही हो, अप्पाराव — वास घ्या हवा तर, पण जिभेला लावू नका, आंधळे व्हाल — स्पिरिट आहे ते, आणि त्यात करंगळीएवढं पांढरं तरंगतंय ना, ते बकरीचं आतडं. हो, आतडं. तुमच्या संस्थानच्या करोडगिरीच्या दरात बकरी असेल, बकरीचं कातडं असेल, आतडं आहे का? नाही ना? मग जकात कशावर घेणार? आणि स्पिरिट ओतून टाका म्हणताय, तर टाकतो बापडा, पण संध्याकाळपर्यंत ते असं घाण मारेल की परभणीचा हा नाका सोडून तुम्हालाच सेलूला घरी पळावं लागेल. मघाशी सांगितलं ना, मी बन्सीधर, गंगाखेडचा, कलकत्त्याला डॉक्टरकी शिकून गावी परत चाललोय — आणि ही आमच्या शेजारची धुरपतामावशी, मनमाडपासून सोबतीला. मावशे, तू कशाला ताटकळायलीस, गोधड्या घे न् निघ गंगाखेडच्या गाडीकडं, मी आलोच. — काय? गोधड्या तपासायच्यात? तपासा की. दोनच तर आहेत. म्हातारं माणूस, थंडी वाजते. भादव्यात? भादव्यातच जास्त वाजते काहींना. पण आधी बाटलीचा निकाल लावा, सरकारी काम एका वेळी एकच व्हावं.

आतडं कशाला बाळगतो, असं तुमच्या मनात आलं असेल — नाही आलं? यायला पाहिजे. थांबा, दाखवतोच. हे पितळेचं यंत्र, ह्याला जवळचं बघायची दुर्बीण म्हणा. ऊन चांगलं आहे, आरसा असा फिरवला की झालं. या. उजवा डोळा इथं लावा, डावा मिटा. मिटा म्हणजे घट्ट मिटा, मध्येच उघडला तर काही दिसत नाही — तसं शास्त्रच आहे. दिसलं? ही त्याच आतड्याची चकती, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापून रंगवलेली. मखमलीसारखी बोटं दिसतात ना, त्यांच्या कडेला फुगलेले चंबू बघा, पांढरट. ती आपल्या अंगातली जिवंत वीट समजा, पेशी म्हणतात तिला. ही पेशी काय करते? दुसरं काहीच नाही, चिकटा करते — भेंडी चिरल्यावर हाताला लागतो तसा — आणि स्वतःचं पोट भरलं की सगळा आतड्यात ओतते. म्हणजे काय, की आपण पाणी पितो, भाकर खातो, त्याच्यासोबत जंतू लय शिरतात, आणि त्यांना भिंतीला हात लावू द्यायचा नाही. मग चिकटा त्यांना मारतो का? नाही हो. नुसता गुंतवून ठेवतो, आणि तोवर आतडं हळूच सगळं पुढं सरकवतं. मावशी म्हणते, बन्सी, तूबी तसलाच, तुझ्या बोलण्यात गुतलेला माणूस ध्यान कुठं — जाऊ द्या, मावशी काहीही म्हणते. डावा डोळा, अप्पाराव. मिटा.

आता खाली या, त्या बोटांच्या मधल्या खड्ड्यांत, अगदी तळाला. लाल दाणे दिसले? डाळिंब फोडल्यासारखे? ह्या पेशी थोड्याच असतात, कोपऱ्यात गप्प बसलेल्या, आणि कशासाठी आहेत ते पुस्तकात नाही. मी सरांना विचारलं, सर म्हणाले, पचनासाठी असतील. पचनासाठी! पचवणारे दुसरे काय कमी आहेत? आपल्या आसवांत जंतू विरघळवणारं काहीतरी सापडलंय, छापून आलंय ते, मग आतड्यात का नसावं? मला तर वाटतं ते दाणे म्हणजे दारूगोळाच. पुरावा नाही, पुरावा मी गंगाखेडला बसून काढणार. कलकत्त्यात नोकरी देत होते, नको म्हटलं — हगवणीनं लेकरं आमच्याकडं जातात, आणि ह्या यंत्राच्या खिडकीतून बघायला मी तिकडं बसू? आणखी एक गंमत, जी मलाही उलगडत नाही. आतड्यात आपल्या कामाचेही जंतू असतात, पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांना कुणी हुसकत नाही. कुणाला अडवायचं न् कुणाला जाऊ द्यायचं, हे त्या चिकट्याला कोण सांगतं?

उठलात का? अजून एक चकती — मावशी? ती नाशिकला गेली होती, गंगेच्या अंघोळीला. मी मनमाडला — हो, गंगाखेडचीच आहे ती. हो, गंगा आमच्या घाटालाच आहे, बरोबर. पण नाशिकची गंगा — वरची असते, स्वच्छ. आता म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेत आपण कशाला पडायचं? आणि गोधडी जड का, तर कापूस आहे, परभणीत कापसाचं नवल? मनमाडहून आणला म्हणून नवल? तसं नाही, आत जुनी लुगडी, धडुती, साधं सुती कापड, आता ते तीन रंगाचं आहे म्हणून काय —

तीन कुणी म्हटलं? तुम्ही नाही म्हटलं. मी म्हटलं का? मी सवयीनं — डॉक्टर लोक चकत्या तीन रंगांत — दोनच रंगांत रंगवतात खरं तर. अप्पाराव, तिकडं कुठं निघालात? तो फाटकावरचा शिपाई तिला उगाच अडवतोय, तपासल्याची खडूची खूण नाही म्हणून, मी समजावतो त्याला. मावशे, हालू नको. अहो, तो कोपरा उसवलाय, तिथं बोट घालू नका — आधी माझं ऐका, तिला काही माहीत नाही, शिवल्या मी, शिवण बघा ना, बाई माणूस अशी वेडीवाकडी शिवेल का? नेणार असाल तर मला न्या, चौकी कुठंय ते दाखवा, मी चालत येतो, फक्त तिला गाडीत बसू द्या, गाडी शिट्टी देतेय —

खडू? गोधडीवर? दुसरीवरही?

अप्पाराव, तुम्ही पाहिलंत ना कोपऱ्यात तो झेंडा — म्हणजे मला म्हणायचंय, तुम्ही स्वतः —

ओठावर बोट. बरं. बाटली द्या इकडं. जातो. हे बघा, मिटलं तोंड.