कॅनमधले हिरवे पाणी

प्रियदर्शिनी मुकुंदराव बिलोलीकर, वय २७, जैवतंत्रज्ञ, राहणार नारायणगुडा, हैदराबाद. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

१. आमची कंपनी हिम्मतरावांच्या म्हशींच्या गोठ्यातले सांडपाणी शुद्ध करून त्यावर सूक्ष्म शेवाळ वाढवते. त्यातून इंधनासाठी तेल काढतात. टाकी मी सांभाळते. अनिकेत सर प्रकल्पप्रमुख आहेत.

२. दिवाळीनंतर सदरला, म्हणजे इथल्या म्हशींच्या सणाला, त्यांना तेल चोपडून, शिंगे रंगवून मिरवतात. परत आल्यावर धुतात. ते तेलकट पाणी गटारात सोडावे, टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, असे मी सरांना आधीच सांगितले होते.

३. पाहुणे येणार, गटार अंगणात तुंबते, अंगण कोरडे हवे, म्हणून सरांनी व्हॉल्व्ह उघडला. मी हटकले. ते म्हणाले, "एका दिवसाने काय होतंय, मॅडम?"

४. व्हॉल्व्ह मी बंद केला. टाकीच्या दूरच्या टोकाला तवंग पोचला नव्हता. तिथून बियाण्यासाठी शेवाळाचा एक कॅन भरून घरी नेला. कुणाला विचारले नाही.

५. दोन दिवसांत टाकी तपकिरी झाली, शेवाळ मेले. मी ब्लीचिंग पावडर टाकली आणि कॅन चोरला, अशी सरांची तक्रार आहे.

पावडर मी टाकलेली नाही. कॅन नेला आहे.

आज ठाण्यात सर मला म्हणाले, "कॅन दे, तक्रार मागे घेतो. टाकी पुन्हा हिरवी झाली की वर कुणाला कळणार नाही." टाकी कशाने मेली ते आधी लिहून द्या, असे मी म्हणाले. त्यांनी दिले नाही.

हिम्मतरावांनाही बोलावले होते. तेलाबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "म्हशीला तेल न लावता सदरला नेऊ काय? पाणी कुठं सोडलं ते सरांना विचारा." जाताना मला म्हणाले, "परेशान होऊ नक्को, पोरी." मी परेशान नाही.

माझे वडील बाहेर बाकावर बसले आहेत. सहीआधी त्यांना दाखवायचे का, असे अंमलदारांनी विचारले. मी नको म्हटले.

अर्धा कॅन मी आज जमा करते. तो आणि टाकीतले पाणी सील करून तपासावे. उरलेले अर्धे माझ्या खिडकीत जिवंत आहे. ते सरांच्या हाती देणार नाही. हिम्मतरावांनी जुना हौद धुऊन दिला आहे. गुरुवारी, ६ नोव्हेंबरला, मी ते तिथे सोडणार. कंपनीला शेवाळ हवे असल्यास तिथून न्यावे.

हा जबाब मी मराठीत दिला. त्याचा तेलुगू तर्जुमा मला वाचून दाखवला. दोन्ही जुळतात, म्हणून सही करते.

तपासणी होणार की नाही, याचे लेखी उत्तर बुधवार, ५ नोव्हेंबरपर्यंत द्यावे.